कोकणात घर बांधायचंय? आधी त्या जागेवर कोण राहतं ते पाहा

मुंबई-पुण्यातली नोकरी सांभाळून गावाकडं चार खोल्यांचं घर किंवा छोटा होमस्टे बांधायचं मनात असलेल्यांसाठी हा लेख आहे. आजोबांचं मोडकळीला आलेलं कौलारू घर उभं करायचं असो, की सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) किंवा डोंगरउतारावर नवी जागा घेतलेली असो, दोन्हींना तो लागू पडेल.

बाकीचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगतो. आपल्याकडं बांधकामाची परवानगी एका कार्यालयात मिळते आणि वन्यजीवांचा कायदा दुसऱ्याच कार्यालयात सांभाळला जातो. ग्रामपंचायत किंवा नगररचना कार्यालय तुम्हाला मालकी, रस्ता, नकाशा, शौचालयाचा शोषखड्डा हे सगळं विचारतं. माळ्यावर घुबडाची पिल्लं आहेत का, बांधावरच्या बेहड्याच्या झाडात धनेश पक्ष्याची ढोली आहे का, हे कुणीच विचारत नाही. इंग्लंडमध्ये जुन्या कोठाराचं घर करायचं असेल आणि तिथं वटवाघळं असण्याची शक्यता दिसली, तर त्यांची रीतसर पाहणी झाल्याशिवाय तिथलं नियोजन कार्यालय निर्णय देत नाही. आपल्या अर्जात असा रकाना नाही. मात्र नकाशा मंजूर झाला म्हणून घरटं मोडायची मुभा मिळत नाही. तेव्हा हा प्रश्न तुम्हालाच स्वतःला विचारावा लागतो, आणि तोही नकाशा काढायच्या आधी.

कायदा नेमकं काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर बंदूक येते आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. कलम २ मधली शिकारीची व्याख्या मात्र बरीच रुंद आहे. प्राण्याला पकडणं, सापळ्यात अडकवणं, इजा करणं हे त्यात येतंच. शिवाय पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. जुन्या घराचं छप्पर उतरवताना किंवा जेसीबीनं झुडपं सपाट करताना नेमकं हेच घडतं.

या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या आता चार आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सगळ्यांत कडक संरक्षण आहे. बिबट्या, खवले मांजर, मोर, घोरपड, अजगर, धनेश, समुद्री कासवं हे कोकणात असणारे जीव तिच्यात आहेत. त्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. फळं खाणारी वटवाघळं आधी ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. ती अनुसूचीच आता उरलेली नाही. त्यामुळं ‘वटवाघळं मारली तर चालतात’ हा गावोगाव ऐकू येणारा सल्ला मनावर घेऊ नका.

पहिली पायरी: जमिनीचे कागद, पण वनाच्या नजरेनं

सातबारा, आठ-अ, गट नकाशा सगळेच काढतात. तुम्ही सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना सावकाश वाचा आणि तिथल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागवा. ‘खाजगी वन’, ‘राखीव वन’, ‘कलम ३५’ किंवा सिंधुदुर्गात हमखास भेटणारी ‘वनसंज्ञा’, यातला एक शब्द जरी सापडला तरी विसार देण्याआधी थांबा.

यामागचा इतिहास थोडक्यात असा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला आणि त्या दिवशी ज्या जमिनी खाजगी वन होत्या त्या सरकारकडे गेल्या. पुष्कळ ठिकाणी ताबा आणि कागद यांचा मेळ बसला नाही आणि आजही जुन्या नोंदी अचानक वर येतात. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नुसती नोटीस निघाली एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सांगितलं. पण तो निकाल तुमच्या गटाला लागू पडतो का, हे दलालानं ठरवायचं नाही. त्यासाठी महसुलाची कामं करणारा जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील गाठा.

सातबारा कोरा असला तरी काम संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानं ‘वन’ या शब्दाचा रूढ अर्थ धरायला सांगितलं आहे, मग मालकी कुणाचीही असो. म्हणून दाट रायवळ झाडी असलेल्या जागेसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडं लेखी विचारणा करा: हा गट कुठल्याही प्रकारच्या वनाखाली येतो का? उत्तराला वेळ लागतो, पण ते लेखीच घ्या. तलाठ्याचं (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, लोकांच्या तोंडी अजून तलाठीच) तोंडी ‘काही अडचण नाही’ पुढं उपयोगी पडत नाही. विदर्भातल्या वाचकांसाठी एवढंच, की तुमच्याकडं हाच प्रश्न ‘झुडपी जंगल’ या नावानं येतो आणि २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अधिक गांभीर्यानं घ्यायला हवा.

दुसरी पायरी: नकाशावरच्या अदृश्य रेषा

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र असतं. चांदोलीला लागून संगमेश्वरची, कोयनेला लागून चिपळूण-खेडची, राधानगरीला लागून कणकवलीकडची गावं आहेत. तिथं जागा असेल तर त्या क्षेत्राची अधिसूचना मिळवा आणि आपलं गाव यादीत आहे का ते बघा. बहुतेक अधिसूचनांचा साचा सारखा असतो. स्थानिकांना स्वतःच्या जमिनीत राहण्यापुरतं घर बांधता येतं; पण संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवं व्यावसायिक हॉटेल किंवा रिसॉर्ट चालत नाही. म्हणजे ‘घर’ म्हणून मंजूर झालेल्या वास्तूत पुढं पाहुणे ठेवायचे असतील, तर ते आधीच स्पष्ट करून घ्यायला हवं. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) यांच्या अधिसूचना स्वतंत्र आहेत आणि त्यांचे नियम बऱ्याच बाबतींत अधिक कडक आहेत.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. या मसुद्याचा रोख खाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामांवर आहे. तुमच्या चार खोल्या तो अडवत नाही. उगाच पसरलेल्या भीतीपोटी घाईघाईत बांधकाम उरकू नका.

समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. तिथल्या अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती मूळ जोत्याच्या आत करता येते. खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागा त्याहून कडक वर्गात आहेत.

परवानगी देणारं कार्यालय जागेवर ठरतं. गावठाणात ग्रामपंचायत. गावठाणाबाहेर महसूल आणि नगररचना, कारण प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आधी काढा. उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर तिथं बांधकाम मंजूर होत नाही, हेही जागा घेतानाच मोजून बघा. बिनशेतीच्या तरतुदी वरचेवर बदलतात, म्हणून त्या मित्राच्या पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून नव्हे, तर तहसील कार्यालयात त्या दिवशी विचारून ठरवा.

तिसरी पायरी: जागेची पाहणी

ही पायरी लोक गाळतात. जमिनीला कागदाइतकाच वेळ द्यावा असं मी कळकळीनं सांगतो, कारण इथं चुकलेलं नंतर भरून येत नाही.

जागा एकदा पावसाळ्यात बघाच. सडा मे महिन्यात काळा, कोरडा, मेल्यासारखा दिसतो. सातबाऱ्यावर तो ‘पोटखराबा’ असतो आणि विकणाराही सांगतो की इथं काही उगवत नाही. जूननंतर त्याच कातळावर पाण्याच्या उथळ डबक्या तयार होतात, बेडूक अंडी घालतात, कीटक खाणारी दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. यातल्या कितीतरी वनस्पती दुसरीकडं कुठं वाढत नाहीत. सड्याचा जो भाग पाणी धरतो तो आराखड्यात मोकळा ठेवा आणि घर कडेला, माती असलेल्या बाजूला सरकवा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पंही असतात. पालापाचोळा आणि शेवाळ झाडून पाहिल्याशिवाय यंत्र लावू नका.

झाडं मोजा आणि प्रत्येक जुन्या झाडाच्या खोडाकडं मान वर करून बघा. धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला कोंडून घेते. ढोलीचं तोंड लिंपून टाकते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर तिला आणि पिल्लांना महिनोन्महिने भरवतो. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात ते झाड पाडलं, तर आत अडकलेलं सगळं कुटुंब जातं. खोडाखाली फळांच्या बियांचा सडा, विष्ठेचे डाग आणि खाली पडलेली अर्धवट फळं ही ढोलीची खूण. किनाऱ्याकडं उंच झाडांवर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचं काटक्यांचं भलंमोठं घरटं असतं आणि तीच जोडी वर्षानुवर्षं ते वापरते. जागा देवराईला लागून असेल तर पाहणी दुप्पट काळजीनं करा. धनेशांना हवी तशी जुनी झाडं आता मुख्यतः तिथंच उरली आहेत.

गडगे, म्हणजे चिरे रचून केलेली कुंपणं, हलवण्याआधी विचार करा. चिऱ्यांच्या सांध्यांत धामण, नाग, सापसुरळ्या, विंचू, बेडूक सगळे असतात. ओल्या मातीत गांडुळासारखं पण वीतभर किंवा त्याहून लांब काही निघालं तर ते बहुधा देवगांडूळ असतं. तो बेडकांच्या गोतातला बिनविषारी उभयचर आहे. साप समजून त्याला मारतात. बिळांची तोंडं ताजी आहेत का, वारुळं उकरलेली दिसतात का, हे गुराख्याला विचारा. खवले मांजर मुंग्या-वाळवीवर जगतं आणि रात्री फिरतं. ते तुम्हाला क्वचितच दिसेल, पण गावातल्या कुणालातरी त्याची वाट ठाऊक असते.

आता जुनं घर. दिवसा माळ्यावर टॉर्च घेऊन चढा, नाकाला फडकं बांधा. जमिनीवर बारीक काळ्या लेंड्या दिसल्या तर एक काडीनं चिरडून बघा. भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसले तर ती किडे खाणाऱ्या वटवाघळाची. उंदराची लेंडी कडक असते, पालीच्या लेंडीला पांढरं टोक असतं. अंगठ्याएवढे राखाडी गोळे, आत उंदरांची हाडं आणि केस, तर वर गव्हाणी घुबड राहतंय. आढ्याखाली पाकोळ्यांच्या घरट्यांचा पुंजका असेल, किंवा ओटीच्या छताला भिंगरीचं मातीचं सुरईसारखं घरटं असेल. मग एका संध्याकाळी सूर्यास्ताच्या थोडं आधीपासून घराच्या दोन कोपऱ्यांवर दोघांनी बसा आणि कुठल्या फटीतून कोण किती बाहेर पडतं ते वहीत लिहा. अशा संध्याकाळी उन्हाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि थंडीत वेगवेगळ्या घ्या. खर्च काही नाही, आणि छपराचा आराखडा करणाऱ्याला या वहीइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

फोटोंवर तारीख ठेवा. ओळख पटत नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा तालुक्यातल्या निसर्गमंडळाला दाखवा. चिपळूण, देवरुख, सावंतवाडी या भागात जाणती माणसं आहेत आणि ती आनंदानं येतात.

चौथी पायरी: जे सापडलं त्याभोवती नकाशा

पाहणीची वही घेऊनच वास्तुविशारदाकडं जा. बहुतेक वेळा उत्तर सोपं निघतं: घर दहा-पंधरा फूट सरकतं, गाडीचा रस्ता ढोलीच्या झाडाच्या दुसऱ्या बाजूनं जातो, गडग्याचा एक भाग तसाच राहतो.

झाड तोडावंच लागलं तर महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही अनुसूचित झाडं स्वतःच्या जागेत असली तरी तीच अट. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घातली. त्या भागातल्या कुणी ‘आम्ही बघून घेतो’ म्हटलं तर झाडाबरोबर तुमचंही नाव कागदावर येईल हे लक्षात ठेवा.

जुन्या घरात घुबड असेल तर त्याला हाकलायची गरज नाही. माळ्याच्या एका टोकाला फळ्यांची आडभिंत घालून त्याचा कोपरा वेगळा करता येतो; आत-बाहेरची वाट तीच राहू द्या. भाताच्या कोठाराशेजारी घुबड म्हणजे उंदरांचा बंदोबस्त, हे जुन्या माणसांना पटवावं लागत नाही. वटवाघळांसाठी कायद्यात पक्ष्यांसारखा घरट्यांचा उल्लेख नाही, पण त्यांना आत कोंडून किंवा धूर करून मारणं हा मुद्दा वेगळाच आहे, आणि ते कुणी करू नये. राहत्या खोल्यांच्या वर ती नको असतील तर बाहेर पडायच्या फटीवर वरून आणि दोन्ही बाजूंनी बांधलेलं, खालून मोकळं जाळीचं पदर लावतात. ती खाली घसरून बाहेर पडतात, परत शिरता येत नाही. चार-पाच रात्रींनी फट बुजवायची. पण त्याआधी आत पिल्लं नाहीत याची खात्री हवी. विणीचा काळ जातीजातीनुसार बदलतो, तेव्हा महिन्यावर विसंबू नका, बघून ठरवा. शक्य असेल तर गोठ्याच्या किंवा पडवीच्या आढ्यात त्यांना पर्यायी जागा आधी तयार ठेवा. आणि लाकडाला वाळवीचं औषध ती तिथं असताना मारू नका.

पाचवी पायरी: कामाचं वेळापत्रक

कोकणात कामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. शाकारणी (पावसाआधी छप्पर नीट करणं) तर मेमध्येच व्हायची पद्धत. पाखरांची विणही बहुतेक उन्हाळ्यातच येते, म्हणून मोठी तोडफोड मेवर ढकलू नका. छप्पर उतरवणं, झुडपं साफ करणं, मंजुरी मिळालेलं झाड पाडणं ही कामं पाऊस संपल्यावर ते डिसेंबरपर्यंत उरका. भिंती, गिलावा, फरशी नंतर करता येते. याला अपवाद गव्हाणी घुबड. ते पावसाळ्यानंतरही विणतं, म्हणून छपराला हात लावण्याच्या आदल्या दिवशी माळा पुन्हा बघा. समुद्रगरुडाचं घरटं जवळ असेल तर हिवाळाभर त्या बाजूचं काम बंद ठेवावं लागेल, हे ठेकेदाराला आधीच सांगा.

ठेकेदाराशी करारात या गोष्टी लिहूनच घ्या: कवळ (तोडलेला पालाफांद्या) किंवा झुडपं जाळायची नाहीत, ठरल्याबाहेर एकही फांदी तोडायची नाही, पायाचे खड्डे संध्याकाळी झाकायचे किंवा एका बाजूनं उतरती फळी टाकायची. रात्रीत खड्ड्यात पडलेले साप-बेडूक सकाळी कामगारांच्या फावड्याखाली येतात, आणि साप चावण्याची भीतीही तिथंच असते.

काम चालू असताना काही सापडलं तर तेवढ्या भागातलं काम थांबवा. पिल्लं, अंडी उचलून ‘सुरक्षित’ जागी ठेवायला जाऊ नका. हात लावणंही अडचणीत आणू शकतं. वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे, शिवाय वनक्षेत्रपाल आणि वनरक्षकाचा क्रमांक साइटवर भिंतीला लिहून ठेवा. सापासाठी वनखात्याला माहीत असलेला सर्पमित्रच बोलवा. आणि कामगारांना सांगा, धरलेल्या घोरपडीबरोबर फोटो काढून पाठवणं हाच पुढं पुरावा ठरतो.

राहायला गेल्यावर

बाहेरचे दिवे कमी, पिवळसर आणि खाली तोंड केलेले लावा. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं विणतात. पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाच्या दिशेनं चालतात, आणि तुमच्या अंगणातला पांढरा दिवा समुद्राहून जास्त उजळ असेल तर ती उलटी तुमच्याकडं येतात. वेळासला २००२ पासून गावकरी आणि सह्याद्री निसर्ग मित्र यांनी ही घरटी सांभाळली आहेत. शेजारी घर बांधणाऱ्यानं हंगामात दिवे मालवणं एवढं तरी करावं.

होमस्टेचं खरकटं उघड्यावर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. झाकणाचे पिंप, ओल्या कचऱ्याचा बंद खड्डा आणि रात्री कुत्रं आत. कुंपणाला थेट विजेची तार कधीही जोडू नका. त्यानं माणसंही मेली आहेत.

नवी विहीर पाडलीत तर तिला कठडा बांधल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. जमिनीच्या पातळीवरच्या उघड्या विहिरीत गवे, बिबटे, भेकरं रात्री पडतात. जुनी विहीर असेल तर निदान कमरेएवढा चिऱ्याचा कठडा आणि वर जाळी करा, आणि आत पायऱ्या नसतील तर काठाला बांधलेली एक जाड शिडी पाण्यापर्यंत सोडून ठेवा.